गेटवेचा पत्ता कोणाला विचारायचा?

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘आयएफकॉन्फिग’ ही जुनी कमांड दिली की प्रत्येक नेटवर्क इंटरफेसचा (केबल किंवा वाय-फायसारख्या जोडणीच्या संगणकाकडील टोकाचा) आयपी पत्ता, सबनेट मास्क, हार्डवेअरचा मॅक पत्ता आणि आल्यागेल्या पॅकेटांची, म्हणजे माहितीच्या छोट्या गठ्ठ्यांची, संख्या असे बरेच काही पडद्यावर येते; गेटवेचा, म्हणजे पॅकेट बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या मध्यस्थाचा, तेवढा पत्ता नसतो. हा त्या कमांडचा दोष नव्हे. गेटवे हा इंटरफेसचा गुणधर्मच नाही, त्यामुळे इंटरफेसचे वर्णन करणाऱ्या कमांडने तो सांगावा ही अपेक्षाच चुकीची ठरते. त्याची नोंद कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, राउटिंग टेबलमध्ये (कोणत्या पत्त्याकडे कोणता मार्ग, या यादीत) असते आणि विचारणाही तिथेच करावी लागते.

एखाद्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.३७ आहे आणि त्याच्या मास्कमध्ये पहिले २४ बिट, म्हणजे पत्त्यातील पहिले तीन आकडे, नेटवर्कचे आहेत, असे समजू. पॅकेट १९२.१६८.१.५० या पत्त्यावर पाठवायचे असेल, तर दोन्ही पत्त्यांचे पहिले २४ बिट सारखे असल्यामुळे ते थेट शेजाऱ्याकडे देता येते. गंतव्य पत्ता याबाहेरचा असेल, तर पॅकेट पुढे नेणारा मध्यस्थ लागतो आणि तो मध्यस्थ म्हणजे गेटवे. आज ज्याला आपण राउटर म्हणतो, त्यासाठी आयपी प्रोटोकॉलच्या सप्टेंबर १९८१ मधील मूळ दस्तऐवजात, म्हणजे आरएफसी ७९१ मध्ये, गेटवे हाच शब्द वापरलेला आहे. राउटिंग टेबलमध्ये अनेक मार्ग असू शकतात आणि गंतव्य पत्त्याशी ज्याचे सर्वाधिक बिट जुळतात तो मार्ग निवडला जातो. ‘डीफॉल्ट’ मार्गात मात्र जुळवायच्या बिटांची संख्याच शून्य असते. म्हणून तो कोणत्याही पत्त्याला लागू पडतो, पण त्याहून नेमका मार्ग उपलब्ध असेल तर मागे सरतो.

हा मार्ग पाहण्यासाठी आयपी, रूट, शो आणि डीफॉल्ट हे चार शब्द एकापुढे एक टंकावेत. उत्तरादाखल सहसा एकच ओळ येते. तिच्यातील ‘व्हाया’ या शब्दानंतर गेटवेचा पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१, आणि ‘डेव्ह’ या शब्दानंतर ज्या इंटरफेसमधून पॅकेट बाहेर पडेल त्याचे नाव असते. ‘प्रोटो’पुढे डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणारी व्यवस्था) लिहिलेले असेल, तर पत्ता कोणी हाताने भरलेला नसून नेटवर्कमध्ये सामील होताना डीएचसीपी सर्व्हरने कळवलेला आहे. कमांडच्या शेवटी डेव्ह आणि इंटरफेसचे नाव जोडले की उत्तर त्या इंटरफेसपुरते मर्यादित राहते. गेटवेचा शेवटचा आकडा १ असणार असे गृहीत धरून पत्ता अंदाजाने लिहिणारे पुष्कळ असतात. तो केवळ संकेत आहे, नियम नव्हे.

केबल आणि वाय-फाय एकाच वेळी जोडलेले असतील, तर डीफॉल्टच्या दोन ओळी दिसतात आणि ‘मेट्रिक’ हा आकडा ज्या ओळीत लहान असेल तिला प्राधान्य मिळते. नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्रॅम केबलला सामान्यतः १०० आणि वाय-फायला ६०० मेट्रिक देतो, म्हणूनच केबल लावताच वाहतूक आपोआप तिच्याकडे वळते.

तरीही डीफॉल्ट ओळ हेच अंतिम उत्तर मानू नये. वाहतूक दुसऱ्या नेटवर्कमार्गे वळवणारे काही व्हीपीएन प्रोग्रॅम मूळ डीफॉल्ट मार्गाला हात न लावता संपूर्ण पत्त्यांचे दोन अर्धे करतात, एक ०.०.०.० पासून आणि दुसरा १२८.०.०.० पासून, आणि दोहोंसाठी एकेका बिटाचे मार्ग घालतात. एक बिट जुळणारा मार्ग शून्य बिटांच्या मार्गाहून वरचढ असल्याने डीफॉल्ट ओळ जागेवर दिसत राहते, पण तिचा वापर होत नाही. ही युक्ती मला फार देखणी वाटते. अशा वेळी आयपी, रूट, गेट आणि त्यापुढे एखादा बाहेरचा पत्ता, जसे ८.८.८.८, असे विचारावे. कर्नल प्रत्यक्षात पॅकेट न पाठवता त्या पत्त्यासाठी आपण कोणता मार्ग निवडू हे सांगतो, आणि हे उत्तर अधिक विश्वासार्ह असते.

इतक्या प्रयत्नाने मिळवलेला हा पत्ता बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर कुठेच लिहिला जात नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. पॅकेटवर गंतव्य म्हणून शेवटच्या सर्व्हरचाच आयपी पत्ता असतो. गेटवेच्या आयपी पत्त्याचा उपयोग एवढाच की, १९८२ मध्ये मांडलेल्या एआरपी या प्रोटोकॉलद्वारे ‘हा पत्ता कोणाचा?’ अशी हाक स्थानिक नेटवर्कमध्ये देता येते. उत्तरात आलेला मॅक पत्ता पॅकेटभोवतीच्या बाह्य आवरणावर, म्हणजे फ्रेमवर, लिहिला जातो. मिळालेली ही जोडी ‘आयपी नेबर’ या कमांडने पाहता येते.

लिनक्समध्ये ‘प्रॉक’ डिरेक्टरीतील ‘नेट’ या भागात ‘रूट’ नावाची फाइलही असते आणि तीत हाच पत्ता षोडशमान (सोळाच्या पायावरील) पद्धतीने, नेहमीच्या इंटेल प्रोसेसरवर उलट्या क्रमाने, दिसतो. ०१०१ए८सी० ही अक्षरे शेवटाकडून दोन-दोन करून वाचली की सी० म्हणजे १९२, ए८ म्हणजे १६८ आणि मग दोनदा १ असा पत्ता उलगडतो.

विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ प्रत्येक ॲडॉप्टरखालीच डीफॉल्ट गेटवे छापतो, त्यामुळे तो इंटरफेसचाच असल्याचा समज होतो. ‘रूट प्रिंट’ दिल्यावर खरे टेबल समोर येते. मॅकवर ‘रूट’, वजा चिन्हासह एन, ‘गेट’ आणि ‘डीफॉल्ट’ अशी कमांड चालते. त्यातील एन विसरू नये, कारण ते नसेल तर कमांड पत्त्यांची नावे शोधायला डीएनएसकडे, म्हणजे नावे आणि पत्ते जुळवणाऱ्या सेवेकडे, जाते आणि नेटवर्क बंद असताना, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, अडकून बसू शकते.

काही इंटरफेसना गेटवे नसतोच. दोनच टोके असलेल्या जोडणीत पलीकडे कोण आहे हा प्रश्न उद्भवत नाही, म्हणून डीफॉल्टच्या ओळीत ‘व्हाया’ न येता थेट ‘डेव्ह’ येऊ शकतो. आयपीव्ही६ या आयपीच्या नव्या आवृत्तीत परिस्थिती याच्या उलट आहे. आयपी या शब्दानंतर वजा चिन्हासह ६ लिहून तीच विचारणा केली, तर गेटवेचा पत्ता बहुधा एफई८० ने सुरू होणारा दिसतो, कारण राउटर आपली घोषणा अशा स्थानिक पत्त्यावरूनच करतो. हे पत्ते त्या-त्या जोडणीपुरतेच वैध असल्यामुळे दोन इंटरफेसपलीकडच्या दोन वेगळ्या राउटरांचा पत्ता अगदी एकसारखाही असू शकतो. त्यामुळे इथे ‘डेव्ह’नंतरचे इंटरफेसचे नाव जोडल्याखेरीज गेटवेचा पत्ता पूर्णच होत नाही.