टेप गुंडाळली म्हणजे केबल दुरुस्त झाली?

भूमिगत खाणीत हातात धरून चालवायच्या ड्रिलच्या केबलबद्दल एक समज वर्षानुवर्षे चालत आला आहे: वरचं रबर चिरलं तरी आतल्या तारांना वेगळं आवरण असतंच, तेव्हा टेप गुंडाळा आणि पाळी संपवा. हा समज चुकीचा आहे आणि जीवघेणाही.

या केबलमध्ये वीज वाहणाऱ्या तीन तारांशिवाय एक अर्थची (गळलेली वीज जमिनीत नेणारी) आणि एक पायलट तार असते. वीजवाहक तारांभोवती अर्थला जोडलेली जाळी असते. टोकदार दगड आत घुसला, तर वीज आधी या जाळीला भिडते, गळती पकडणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) लगेच पुरवठा तोडतो आणि ड्रिलवाल्याचा हात वाचतो. पायलट तार अर्थ शाबूत आहे ना, यावर पहारा ठेवते. चिरेतून पाणी शिरलं की हीच जाळी आणि अर्थ गंजू लागतात. टेप ओल थांबवत नाही, ताणही सोसत नाही. वर ती जखम झाकते, हे मला सर्वांत घातक वाटतं.

‘125 व्होल्टच तर आहे’ हेही ऐकू येतं. घामाने भिजलेल्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. मग 125 सोडाच, 70 व्होल्टलाही 70 मिलिअँपिअर वाहतात. तेवढ्याने हृदय बंद पडू शकतं. कोळसा खाणीत ठिणगीची भीती वेगळीच: हवेत 5 ते 15 टक्के मिथेन असेल तर स्फोट होतो.

चिरलेली केबल वर पाठवावी, रबर व्हल्कनाइझ करून (उष्णतेने पक्कं जोडून) घ्यावं, इन्सुलेशन आणि अर्थ तपासल्यावरच ती परत खाली न्यावी.