मोटर नवी, शाफ्ट जुना

वाफेवर चालणाऱ्या जुन्या कारखान्यात इंजिन एकच असे. ते छताखालून इमारतभर गेलेला लांबलचक लोखंडी शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, फिरवी. शाफ्टवर पुल्या, पुल्यांवर चामड्याचे पट्टे आणि पट्ट्याच्या खालच्या टोकाला यंत्र. एकच यंत्र चालवायचं असलं तरी सगळा शाफ्ट फिरायचा. तो दुरुस्तीला थांबला की अख्खं खातं हातावर हात धरून बसायचं. जास्त ताकद लागणारी यंत्रं इंजिनाजवळ. माल कुठून कुठे जातो याचा विचार नंतर. शाफ्ट फार लांब नेला की घर्षणातच ताकद वाया जाई, म्हणून इमारतीही अरुंद आणि बहुमजली.

१८८२ मध्ये एडिसनचं वीजकेंद्र न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर सुरू झालं. तरी १९०० च्या सुमारास अमेरिकी कारखान्यांतल्या यंत्रांना लागणाऱ्या ताकदीत विजेच्या मोटरींचा वाटा ५ टक्केही नव्हता. तो निम्म्यावर जायला १९२० उजाडलं, आणि उत्पादकतेने खरी उसळी घेतली ती त्यानंतरच्या दशकात. अर्थतज्ज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये या दिरंगाईकडे लक्ष वेधलं. जिकडेतिकडे संगणक येऊनही उत्पादकता का वाढत नाही, असा प्रश्न तेव्हा अमेरिकेत विचारला जात होता.

बऱ्याच मालकांनी केलं एवढंच, की वाफेचं इंजिन काढून त्या जागी मोठी मोटर बसवली. साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया मिलने १८९४ मध्ये मोटरी थेट छताला टांगल्या. त्या काळी हे मोठंच धाडस, पण त्या मोटरीही फिरवत होत्या शाफ्टच! मुंबईच्या गिरण्यांना १९१५ पासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज मिळू लागली, तेव्हा जुन्या गिरण्यांच्या इमारतीही वाफेच्याच हिशेबाने बांधलेल्या होत्या.

हे मालक मूर्ख नव्हते. संस्थेची सवय माणसांच्या डोक्यात असते त्याहून जास्त भिंतींत, हुद्द्यांत आणि कामाच्या क्रमात मुरलेली असते, असं मला ठामपणे वाटतं. ऑनलाइन अर्ज भरून झाल्यावर त्याचीच प्रिंट दोन प्रतींत खिडकीवर मागतात, तिथे कारकुनाला दोष देऊन काय उपयोग? आवक नोंदवही, टिपणी आणि सह्यांची उतरंड कागदासाठी बेतलेली आहे. ती तशीच ठेवून कर्मचाऱ्यांना कितीही प्रशिक्षण दिलं तरी कागद परत येणारच.

कारखान्यांत फरक पडला तो प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर मिळाल्यावर. पट्टे गेले, तसं छत मोकळं झालं. तिथून उजेड आत आला, माल उचलणाऱ्या क्रेन फिरू लागल्या. इमारती एकमजली, ऐसपैस झाल्या. यंत्रं कामाच्या क्रमाने मांडता आली आणि एक बिघडलं तरी बाकीची चालू राहिली. पण हे सगळं जमलं ते मुख्यतः नव्याने बांधलेल्या कारखान्यांना. जुना शाफ्ट अजून धडधाकट फिरत होता, तिथे मालकाला तो मोडीत काढणं परवडत नव्हतं.