फुटबॉलचं घड्याळ ४५व्या मिनिटाला आपोआप थांबत नाही

फुटबॉलसाठीच्या महागड्या यांत्रिक घड्याळांचा विषय निघाला, की जळगाव-भुसावळकडे एक गोष्ट हमखास ऐकू येते: पूर्वार्ध संपला की काटा आपला आपण थांबतो. नाही थांबत.

हुब्लो या स्विस कंपनीने २०१४च्या विश्वचषकासाठी काढलेल्या घड्याळात सामन्याची मिनिटं मोजणारा काटा ४५ ओलांडून ६०पर्यंत चालतो. तो पुढचा पट्टा वाढीव वेळेचाच. भुसावळच्या उन्हात पाण्यासाठी खेळ थांबला, तरी ती मिनिटं रेफरी शेवटी जोडतो. दातेरी चाकांना ते कुठून कळणार?

साध्या क्रोनोग्राफवर, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या मनगटी घड्याळावर, किकऑफला दोनच्या आकड्याजवळचं बटण, शिट्टीला पुन्हा तेच, मग चारजवळचं दाबून शून्य. काटा पळत असताना चारचं दाबू नका. फ्लायबॅक असेल तर काटा शून्यावर जाऊन लगेच पुन्हा सुटतो, हिशेब गेला. नसेल तर बटण बहुधा अडतं. जोर लावाल तर आतल्या तरफेवर ताण येतो आणि घड्याळजीची पायरी चढावी लागते. छोटी तबकडी ३० मिनिटांची असेल, तर ४५ला काटा १५वर दिसेल. बिघाड नाही, दुसरी फेरी आहे.

दिवसाला ६ सेकंद पुढे जाणारं घड्याळही ४५ मिनिटांत ०.२ सेकंदसुद्धा चुकत नाही. बोटच त्याहून उशिरा पडतं.