स्टुडिओ सेटअप की प्रोजेक्ट सेटअप?

गिरगावातल्या एका खोलीत आम्ही मंडळाची आरती रेकॉर्ड करत होतो. तबलजी दोनदा थांबले. हेडफोनमध्ये त्यांना स्वतःचीच थाप उशिरा ऐकू येत होती. मी क्यूबेस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट सेटअप उघडून शोधत बसलो, पण तो उशीर तिथून कमी होणारच नव्हता.

इंटरफेस (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणारं उपकरण) कुठला आणि ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) कुठला, हे स्टुडिओ सेटअपमध्ये ठरतं. विंडोजवर तिथे इंटरफेससोबत आलेला आसिओ ड्रायव्हर निवडावा. क्यूबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्गने १९९७ साली आणलेली ही पद्धत आवाज विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून नेते. मग त्याच खिडकीतलं कंट्रोल पॅनलचं बटण दाबलं की ड्रायव्हरचं स्वतःचं पॅनल उघडतं आणि बफर, म्हणजे संगणक एका घासात घेतो तो आवाजाचा तुकडा, तिथे सापडतो. ४८,००० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे इतके नमुने) १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे २१ मिलिसेकंद, आणि आत येताना व बाहेर जाताना असं दोनदा. १२८ केला की एका वेळचे तीनही होत नाहीत. तबलजींचा हात लगेच मोकळा झाला. मिक्सिंगला मात्र बफर परत वाढवावा. तेव्हा कुणी वाजवत नसतं आणि प्लगिनचा (आवाजावर इफेक्ट देणाऱ्या जोड-प्रोग्रॅमचा) भार मोठा असतो.

प्रोजेक्ट सेटअप गाण्याचा. सॅम्पल रेट, बिट डेप्थ (प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला ते) वगैरे फाइलसोबत जातं. इथे उगाच हात लावणं महागात पडतं. ४४,१०० ला गायलेली काळी एक, ट्रॅकचा रेट बदलून न घेता ४८,००० ला वाजवली, तर सूर पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लागतो आणि लयही चढते. गायिकेने जीव ओतून लावलेला षड्ज असा बिघडलेला ऐकवत नाही.

रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही प्रेफरन्सेस आणि प्रोजेक्ट सेटिंग्ज अशीच वेगळी आहेत. एबलटन लाइव्हमध्ये सॅम्पल रेटसुद्धा ऑडिओ सेटिंग्जमध्येच असतो, म्हणून तिथून क्यूबेसकडे आलेल्यांचा हमखास गोंधळ होतो.

फाइल घेऊन अंधेरीच्या स्टुडिओत गेलात, तर गाण्याचा रेट तुमच्यासोबत येतो, घरचा इंटरफेस येत नाही. तिथे आवाज आला नाही तर आधी स्टुडिओ सेटअप उघडा, प्रोजेक्ट सेटअप नको.