लगाडोच्या यंत्राचे काय हुकले?

गलिव्हर म्हटले की आपल्याला बुटक्यांचे लिलिपुट आठवते. पण जोनाथन स्विफ्टच्या या १७२६ सालच्या पुस्तकाचा तिसरा भाग आज मुद्दाम उघडून बघावा. त्यातल्या लगाडो या काल्पनिक शहराच्या अकादमीत एक प्राध्यापक गलिव्हरला वीस फूट लांबरुंद चौकट दाखवतो. तीत तारांनी जोडलेले लाकडी ठोकळे आणि त्यांवर भाषेतले सगळे शब्द चिकटवलेले. चाळीस विद्यार्थी चाळीस लोखंडी मुठी फिरवतात की शब्दांची उलथापालथ होते. मग छत्तीस जण ओळी वाचू लागतात. तीन-चार शब्द वाक्यासारखे जुळलेले दिसले, की उरलेले चौघे ते उतरवून घेतात. प्राध्यापकाचे म्हणणे, या यंत्रावर अडाण्यातला अडाणीसुद्धा काव्य, कायदा, तत्त्वज्ञान, कशावरही ग्रंथ लिहील.

स्विफ्ट टिंगलच करत होता. तरी तपशिलाला पक्का! नामे, क्रियापदे, अव्यये पुस्तकांत कोणत्या प्रमाणात येतात, याचा हिशेबही त्याच्या प्राध्यापकाने काटेकोर केलेला आहे. हुकले ते एवढेच, की कशामागून काय येते हे त्या यंत्राला ठाऊक नाही.

ते मोजले रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्हने, १९१३ साली, आणि तेही कवितेत. पुश्किनच्या 'येवगेनी अन्येगिन'मधली २०,००० अक्षरे त्याने घेतली. त्यांत स्वर सुमारे ४३ टक्के. पण स्वरामागून पुन्हा स्वर येण्याचे प्रमाण जेमतेम १३ टक्के, व्यंजनामागून स्वर येण्याचे मात्र ६६. म्हणजे पुढे काय येणार याचा अंदाज आधीच्या अक्षरावरून बांधता येतो. पुश्किनच्या चाहत्यांना ही मोजदाद कशी वाटली असेल, कोण जाणे.

१९४८ साली अमेरिकन गणिती क्लॉड शॅननने हाच विचार इंग्रजी शब्दांना लावला. कृती घरी करून पाहण्याजोगी आहे. पुस्तक कुठेही उघडून एक शब्द टिपा. दुसऱ्या पानावर तो सापडेपर्यंत वाचा आणि त्याच्या लगतचा पुढचा शब्द टिपा. मग त्या नव्या शब्दाचा शोध. जे तयार होते ते चार-पाच शब्दांपुरते शहाण्यासारखे वाटते, सलग वाचले तर निव्वळ बरळणे.

आजची भाषा-मॉडेल, म्हणजे मजकूर रचणाऱ्या संगणक-प्रणाली, मागचे हजारो शब्द ध्यानात घेऊन पुढचा ठरवतात. शॅनन मात्र शब्दांच्या जोडीपाशीच थांबला. पुढच्या पायरीला मेहनत अफाट वाढते, असे त्याने लिहून ठेवले. लगाडोच्या प्राध्यापकाकडे यावरही तोडगा होता. लोकांनी पैसा उभारून अशा ५०० चौकटी बसवाव्यात, एवढीच त्याची मागणी होती.