पंचवीस अक्षरांचं कुलूप

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ठाण्याच्या नौपाड्यात लग्नपत्रिका करायला डीटीपीवाल्याकडे (संगणकावर मजकूर जुळवून देणाऱ्याकडे) गेलं, की मॉनिटरशेजारी सीडींची चळत दिसायची. प्रत्येक पाकिटावर पेनाने लिहिलेली 'की', म्हणजे सॉफ्टवेअर टाकताना विचारला जाणारा परवाना क्रमांक. पीसी जोडून देणारा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणायचा आणि विंडोज 'टाकून' द्यायचा. ते विकत घ्यायची वस्तू आहे, असं कुणाच्या बोलण्यातच नसे. कायदा मात्र होता. कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीनंतर सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद सांगितली होती.

कुलूपच कच्चं होतं. दुकानात मिळणाऱ्या विंडोज ९५ची की दहा आकड्यांची. पहिल्या तिनांत काही मोजके आकडे चालत नसत, बाकी शेवटच्या सातांची बेरीज सातने भागली गेली की झालं. सगळीकडे १ टाकला तरी दार उघडायचं! ही की कुणाची, आणखी किती पीसींवर चालली आहे, हे विचारणार कुणाला? पीसीला इंटरनेटच नव्हतं.

२००१मध्ये विंडोज एक्सपी आलं ते पंचवीस अक्षरांची की आणि अ‍ॅक्टिव्हेशन घेऊन. आता इंटरनेटवरून किंवा फोनवरून मायक्रोसॉफ्टची मंजुरी घ्यावी लागे आणि की पीसीच्या हार्डवेअरशी बांधली जायची. मात्र शेकडो पीसी असणाऱ्या कंपन्यांना हा व्याप नको, म्हणून त्यांच्या व्हॉल्यूम आवृत्तीला अ‍ॅक्टिव्हेशनच ठेवलं नाही. त्यातलीच एक, 'एफसीकेजीडब्ल्यू'ने सुरू होणारी की, एक्सपी बाजारात येण्याआधीच फुटली. कुलूप हरलं ते इथे, मोठ्या गिऱ्हाइकासाठी उघड्या ठेवलेल्या मागच्या दाराशी. माझं मत विचाराल तर भुर्दंड पडला पैसे मोजणाऱ्याला. मदरबोर्ड जळाला म्हणून बदलला, तर पुन्हा मंजुरीसाठी सहा-सहा आकड्यांचे गट फोनवर वाचून दाखवत मी अर्धी दुपार घालवली आहे.

२००२च्या सर्व्हिस पॅकने, म्हणजे एक्सपीच्या मोठ्या अपडेटने, ती फुटलेली की नाकारली. पुढच्या विंडोज व्हिस्टापासून कंपन्यांचे पीसी त्यांच्याच सर्व्हरकडून १८० दिवसांची मुदत घेऊ लागले. मग त्या सर्व्हरचं सोंग घेणारी सॉफ्टवेअर निघाली.

'ही प्रत अस्सल नाही' ही पाटी येऊ नये, म्हणून जोडणारा अपडेट बंद करूनच पीसी हातात द्यायचा. मला सगळ्यात जास्त डाचतं ते हेच. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरच्या फायली कुलूपबंद केल्या. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारा पॅच मार्चमध्येच आला होता, पण अपडेट चालू असलेल्यांनाच तो आपसूक मिळाला.