आतड्याच्या दाहाचे रुग्ण किती? एका आकड्याची पार्श्वभूमी

शौचावाटे रक्त आणि शेंब पडू लागली की मराठवाड्यात दोनच नावे पुढे येतात, मूळव्याध नाहीतर रक्ती आव. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स ही आतड्याच्या दाहाच्या दोन आजारांची नावे रुग्णाच्या कानावर पडतात ती बरीच उशिरा, दुर्बीण घातल्यावर. देशात हे आजार किती, याचा हिशोबही दुर्बीण कुठवर पोचली त्यावरच अवलंबून राहिला आहे.

कोलायटिसचे वर्णन लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ मध्ये केले, क्रोन्सचे न्यूयॉर्कमध्ये १९३२ साली झाले. हे गोऱ्यांचे आजार, आपल्याकडे अमिबा आणि टीबी, ही समजूत मग बरीच वर्षे टिकली. डॉ. बी. एन. टंडन आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली उत्तर भारतातील कोलायटिसच्या रुग्णांवर निबंध प्रसिद्ध केला, तरी ती सहजी गेली नाही. याला कारणेही होती. दाह झालेल्या आतड्यातून शौचात येणाऱ्या मोठ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली अमिबासारख्या दिसतात. नवखा तंत्रज्ञ हमखास फसतो. रिपोर्टवर अमिबा आला की मेट्रोनिडॅझॉल ही अमिबावरची गोळी सुरू. त्यात कोलायटिसचा स्वभाव असा की तो मधूनमधून आपोआप शांत होतो. श्रेय गोळीला जाते आणि पुढच्या उठावाला तीच गोळी पुन्हा मिळते.

रुग्णालयातल्या नोंदींवरून प्रमाण काढता येत नाही. रुग्ण मोजता येतात, पण ते किती लोकांमधून आले ते कळत नाही. त्यासाठी घरोघरी जावे लागते. हरियाणातील पाहणीत कोलायटिसचे प्रमाण लाखामागे ४२.८ आले, ती १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. लुधियानात १९९९ साली ५१,९१० लोकांची घरोघरी चौकशी झाली. संशयितांची दुर्बिणीने तपासणी आणि बायोप्सी (आतड्याचा तुकडा काढून तपासणे) केल्यावर २३ जण पक्के ठरले, म्हणजे लाखामागे ४४.३. वर्षभराने पुन्हा फेरी केली तेव्हा ४९,८३४ जणांत ३ नवे रुग्ण सापडले. देशाचा म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो मुख्यतः या २३ माणसांवर उभा आहे.

ही मोजणी कोलायटिसचीच का झाली? कोलायटिस गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर चढतो, त्यामुळे छोटी दुर्बीण आणि गुदाशयाचा तुकडा एवढ्यावर बहुधा भागते. क्रोन्स मध्ये मध्ये जागा सोडून येतो आणि बऱ्याचदा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बसतो. तिथवर पोचायला पोट पूर्ण साफ करून मोठी दुर्बीण लागते. गावातल्या शिबिरात ते जमत नाही.

शिवाय तीच जागा आतड्याच्या टीबीची. टीबीचे व्रण बहुधा आडवे, क्रोन्सचे उभे, असे पुस्तकात असते. प्रत्यक्षात दोन्ही सरमिसळ दिसतात आणि बायोप्सीत जंतू सापडेलच असे नाही. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले आणि निघाला टीबी, तर तो भडकतो. म्हणून शंका असेल तर आधी टीबीची औषधे देतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात. ही दुसरी दुर्बीण टाळली की घोळ होतो. क्रोन्सच्या रुग्णालाही या औषधांनी काही दिवस बरे वाटू शकते, व्रण मात्र भरत नाहीत. असा रुग्ण टीबीच्या यादीतच राहतो.

जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज १९९० मध्ये भारतात सुमारे १.३ लाख आणि २०१९ मध्ये सुमारे २.७ लाख रुग्ण असा आहे, दोन्ही आजार धरून. लुधियानाचा दर २०११ च्या देशाच्या लोकसंख्येला लावला तर एकट्या कोलायटिसचेच पाच लाखांवर होतात. एक आकडा गणिती प्रतिमानाचा, दुसरा एका जिल्ह्याचा; अंतर राहणारच.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची २०११ ची लोकसंख्या सुमारे १.८७ कोटी. त्याच दराने ८,३०० च्या आसपास कोलायटिसचे रुग्ण निघतात, पण हा नुसता गुणाकार आहे. पंजाबी आणि मराठवाडी ताटातला, पाण्यातला फरक त्यात धरलेला नाही. नांदेडचा रुग्ण हैदराबादला दुर्बीण करतो आणि नोंद तिथल्याच वहीत होते. इथे घरोघरी पाहणी करायची तर महिनाही बघून निवडावा लागेल. दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांच्या दाराला कुलूप असते आणि कुलूपबंद घर मोजणीतून गळते.